काजलच्या मानेवरचा चौकोन

१

काजलच्या मानेवर, केसांच्या रेषेच्या जरा खाली, एक लालसर चौकोन होता. रुंदी अंगठ्याएवढी, लांबी त्याच्या दुपटीहून थोडी कमी. कडा सरळ होत्या, म्हणजे ती खाजवल्याची खूण नव्हती. चौकोनाच्या मधोमध एक फिकट रेघ होती, दोऱ्याहून जाड, काडीहून बारीक. तेवढ्या पट्टीत कातडी लाल झालीच नव्हती.

चारुशीला देवपुजारींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नर्सनं काजलला कुशीवर वळवून धरलं होतं. सोमवारची सकाळ होती. काजलला आदल्या रात्री धंतोलीतल्या या हॉस्पिटलात आणलं होतं.

"ही खूण तुमच्या टेपची?" त्यांनी विचारलं.

न्यूरॉलॉजिस्ट अदिती म्हणाली की नाही, मानेमागे आम्ही काहीच चिकटवलेलं नाही. नाकातल्या नळीची टेप गालावर आहे आणि ती कागदी आहे. अदिती एकेकाळी चारुशीलाबाईंची विद्यार्थिनी. तीस वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलेल्या बाईंना तिनं मुद्दाम बोलावलं होतं. काजल सव्वीस वर्षांची, पाठ-मानेवर उपचार करणाऱ्या प्रताप नगरमधल्या 'कणा केंद्रा'त रिसेप्शनिस्ट. मान झटक्यानं फिरवल्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या उजव्या धमनीचा आतला पदर फाटला होता, तिथे गुठळी झाली आणि मेंदूच्या देठाचा एक कोपरा रक्तावाचून मेला. आता तिला गिळता येत नव्हतं, उजवी पापणी लोंबत होती, उजवा हात डळमळत होता, आवाज जवळजवळ गेला होता. शुद्ध मात्र पूर्ण होती.

पलंगाच्या पायथ्याशी तिचा भाऊ आयुष उभा होता. व्यायामाचं अंग, खिशातून इअरफोनची वायर लोंबत होती. तो बहिणीचं पाऊल धरून होता. बोलत होती ती आई, सुभद्राबाई.

"शनवारी संध्याकाळी तिथच्या डॉक्टरनं मान मोडली तिची, मॅडम. गौरांग नाव होय त्याचं. दुसऱ्या दिवशी पोरीले चक्कर आली, उलट्या झाल्या."

चारुशीलाबाईंनी अदितीकडे पाहिलं. धमनी फाटल्यावर पक्षाघाताचा झटका यायला एखादा दिवस लागू शकतो, हे दोघींनाही ठाऊक होतं. हकिगत वैद्यकीयदृष्ट्या जमत होती.

"गौरांग कोण?" त्यांनी विचारलं, पण उत्तर त्यांना आधीच कळलं होतं.

"आपला गौरांग दाणी, मॅडम," अदिती म्हणाली. "पोलीस त्याच्या घरी गेलेत."

२

गौरांग त्यांचा विद्यार्थी. इथे फिजिओथेरपीची पदवी घेऊन तो परदेशात कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातांनी मणके आणि सांधे हलवून उपचार करण्याची विद्या, शिकायला गेला होता. चार वर्षांचं शिक्षण, बेचाळीसशे तासांहून जास्त, त्यातले कित्येक तास एक्स-रे वाचण्यात आणि देखरेखीखाली रुग्ण तपासण्यात गेलेले. मग तिथल्या राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षेचे चार भाग, आणि मग त्या राज्याचं लायसन्स. ते दरवर्षी नवं करावं लागे, आणि त्यासाठी पुन्हा ठरावीक तास शिकावं लागे. वडील आजारी पडले म्हणून दोन वर्षांपूर्वी तो परत आला आणि 'कणा केंद्रा'त काम करू लागला.

पोलीस ठाण्याच्या बाकावर तो ताठ बसला होता. उपनिरीक्षक प्रशिक मेश्राम सभ्य माणूस होते. त्यांनी चारुशीलाबाईंना खुर्ची दिली आणि आपली अडचण सांगितली. डॉक्टरला रजिस्ट्रेशन नंबर असतो, फिजिओथेरपिस्टला असतो, परिचारिकेला असतो. या गृहस्थांचा कायरोप्रॅक्टर म्हणून नंबर काय, असं ते सकाळपासून विचारत होते.

"नाहीच आहे," गौरांग म्हणाला. "तो देणारी परिषदच या देशात नाही. मी पाच कार्यालयांत गेलो, साहेब. प्रत्येकानं सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही. एकानं तर विचारलं, तुमच्यावर बंदी नाही ना, मग त्रास काय आहे?"

त्रास काय होता, ते चारुशीलाबाईंना त्या खोलीत लख्ख दिसलं. ज्या विद्येची नोंदवही नाही, तिच्यात कोणी नोंदलेला नसतो आणि कोणी बिननोंदणीचाही नसतो. बेचाळीसशे तास शिकलेला आणि एखाद्या रविवारात शिकलेला, दोघांच्या पाट्या एकाच रंगाच्या. अपघात झाला की मात्र पहिला प्रश्न पाटीवरच्या शिकलेल्या माणसालाच. त्यांना राग आला. तो त्यांनी आवाजात येऊ दिला नाही.

"तू शनिवारी काजलला आतल्या खोलीत नेलं होतंस?"

"हो."

मेश्रामांनी पेन उचललं.

गौरांगनं सांगितलं की तिची मान दुखत होती, म्हणून त्यानं तपासलं. तिचे सांधे गरजेपेक्षा जास्त सैल होते. अंगठा मागे वाकवला की मनगटापलीकडे हाताला टेकत होता, कोपर उलटं वाकत होतं. अशा मानेला झटका द्यायचा नसतो, तिला बळ द्यायचं असतं. त्यानं फक्त स्नायूंचे दोन व्यायाम शिकवले आणि बजावलं की ही मान कोणालाही फिरवू देऊ नकोस.

"हे ऐकायला कोणी होतं?"

"दार उघडं होतं. केंद्रातली अबोली दारातच उभी होती."

मेश्रामांनी समोरचा कागद वळवून चारुशीलाबाईंकडे सरकवला. अबोली जामगडेचा जबाब होता. त्यात एवढंच होतं: शनिवारी संध्याकाळी गौरांग सर काजलला आतल्या खोलीत घेऊन गेले, हे मी पाहिलं.

"संध्याकाळपर्यंत दुसरं काही समोर आलं नाही," मेश्राम म्हणाले, "तर मला यांना अटक करावी लागेल."

३

'कणा केंद्रा'चा मालक ऋषी बोरकुटे पूर्वी जिम चालवत असे. रिसेप्शनच्या भिंतीवर त्याचं प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत होतं, गौरांगचं कोपऱ्यात. मधे प्लास्टिकचा सांगाडा टांगलेला. चारुशीलाबाई त्यापाशी थांबल्या. मानेचा पहिला मणका कोणीतरी उलटा बसवला होता. त्यांनी तसं सांगितलं.

"हड्डी तं हड्डी होय, मॅडम," ऋषी हसत म्हणाला. "पेशंट कुठं मोजून राहिला?"

त्यांनी प्रमाणपत्र कुठलं ते विचारलं. एका हॉटेलात तीन दिवसांची कार्यशाळा झाली होती, तिचं. आता तसल्याच कार्यशाळा तो स्वतः घेत होता. येत्या शुक्रवारी नवी बॅच होती. लीगल आहे सगळं, असं त्यानं दोनदा सांगितलं, आणि त्यात तो खोटं बोलत नव्हता.

काजलबद्दल तो पटापट बोलला. आपण मॅनेजमेंट पाहतो, मानेचं काम गौरांग सरांचं. शनिवारी सातला केंद्र बंद झालं. रविवारी कुलूप होतं, किल्ली आपल्याकडे, आणि आपण रामटेकला लग्नात, हवं तर व्हिडिओ पाहा.

"पण तुमचे मान मोडतानाचे शेकडो व्हिडिओ इंटरनेटवर आहेत," त्या म्हणाल्या. "काजलचेही आहेत. कडकड आवाज येतो त्यात."

ऋषीनं खांदे पाडले. पोलिसांपेक्षा या शांत बाईंची त्याला जास्त धास्ती वाटली असावी. त्यानं मोबाईल काढला.

"तुमाले खरं सांगतो. मी नुसती मान तिरपी करतो, जोर लावतच नाही. आवाज माह्याकडे आधीचे भरून आहे, बारा-पंधरा. जो चांगला वाटला तो मागून लावून देतो. पब्लिकले आवाज पायजे, तं आवाज देतो. काजलच्या मानेतून तं आवाज येतच नाही कधी. कितीबी वाकवा, नुसती लोण्यावानी."

"कॅमेऱ्याचा माईक कुठे लावता?"

त्यानं खणातून काढून दाखवला. काळा, बिनतारी, मागे चिमटा. तो कॉलरला अडकत होता. टेपची गरजच नव्हती.

बाहेर पडून चारुशीलाबाई पायरीवरच थांबल्या. चौकोनातली फिकट रेघ तारेची होती, आता शंका उरली नव्हती. टेपखाली आवाज टिपायला ठेवलेला तारेचा माईक होता, आणि तार होती तेवढ्या पट्टीत टेप कातडीला चिकटलीच नव्हती. टेप ओढून काढल्याची अशी लाली काही तासांत ओसरते, फार तर एका रात्रीपर्यंत राहते. सोमवारी सकाळी ती ताजी होती. शनिवारची असूच शकत नव्हती.

म्हणजे मान रविवारी फिरवली गेली. आणि रविवारी केंद्राला कुलूप होतं.

४

अबोलीनं दार अर्धंच उघडलं. ती फिजिओथेरपिस्ट, परिषदेकडे नोंदणी असलेली. त्या नोंदणीला धक्का लागेल, या एका भीतीभोवती तिचं सगळं बोलणं फिरत होतं. चारुशीलाबाईंनी पाणी नको म्हटलं, बसायलाही नको म्हटलं.

"शनिवारी दारात उभी राहून तू काय ऐकलंस?"

अबोली आधी रडवेली झाली, मग चिडली. पोलिसांनी जेवढं विचारलं तेवढं मी सांगितलं, खोटं काही सांगितलं नाही, असं ती म्हणाली.

"अर्धं सांगितलंस. उरलेल्या अर्ध्यावर एक माणूस आज रात्री कोठडीत जाईल. गौरांगनं तिला काय बजावलं?"

अबोलीनं कबूल केलं. मान कोणाला फिरवू देऊ नको, असंच तो म्हणाला होता. काजल हसत बाहेर आली होती, अंगठा मागे वाकवून तिनं सर्कस म्हणून अबोलीला दाखवला होता. हे सांगितलं तर पोलीस केंद्राच्या बाकी गोष्टींत शिरतील, कार्यशाळेत शिरतील, आणि कार्यशाळेच्या जाहिरातीवर 'मार्गदर्शक' म्हणून अबोलीचं नाव होतं.

"कार्यशाळेत शिकवता काय?"

"पहिल्या दिवशी पाठ, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी मान."

"कोणाची मान फिरवू नये, हे कितव्या दिवशी?"

गौरांगला ते शिकायला अख्खं पहिलं वर्ष लागलं होतं. चारुशीलाबाईंनी पुढचा प्रश्न विचारला, जो त्या वाटेत जुळवत आल्या होत्या.

"परीक्षा कशी घेता?"

"परीक्षा नसते, मॅडम. घरी जाऊन कोणाच्याही मानेवर करायचं आणि व्हिडिओ पाठवायचा. घरचे लोक चालतात. सर म्हणतात, आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे. आवाज आला तर पास." ती थांबली. "ज्यांच्याकडे माईक नसतो, त्यांना ते सांगतात, इअरफोनचा माईक मानेला चिकटवा."

चारुशीलाबाईंना त्या आवाजाचा अर्थ ठाऊक होता. सांध्यातला तो आवाज म्हणजे आतल्या द्रवात फुटणारा बुडबुडा. बोटं मोडताना येतो तोच. उपचार झाल्याची ती खूण नाही आणि हाड जागेवर बसल्याची तर नाहीच नाही. सैल मानेतून तो सहसा येत नाही. मग आवाजासाठी अडलेला माणूस काय करेल? पुन्हा फिरवेल. अजून लांब, अजून जोरात. ऋषीला दुसऱ्यांदा फिरवायची गरज नव्हती, त्याच्या मोबाईलमध्ये आवाजांचा साठा होता. गौरांगला आवाज नकोच होता. आवाज हवा होता तो फक्त शिकाऊ माणसाला, आणि रविवारी, घरी, तारेच्या इअरफोनसह.

"गेल्या बॅचमध्ये कोण होतं?" त्यांनी विचारलं, जरी त्यांच्या डोळ्यासमोर खिशातून लोंबणारी वायर आधीच आली होती.

"जिमवाले तिघं, एक सलूनवाला..." अबोली पुटपुटली. "आणि काजलचा भाऊ. तिनंच शब्द टाकून त्याला घेतलं होतं."

५

आयसीयूबाहेरच्या पॅसेजमध्ये सुभद्राबाई डबा उघडून बसल्या होत्या. भाकरी तशीच होती. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या राशीपुढे रोज ओरडून भाव करणाऱ्या या बाईचा आवाज तिथे अगदी खाली गेला होता. चारुशीलाबाई शेजारी बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, टेप, रेघ, रविवार, आवाज. एकही शब्द चढा नव्हता.

सुभद्राबाईंनी नाकारलं नाही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

आयुष पास व्हायला बसला होता, त्या म्हणाल्या. चारदा फिरवली. पोरगी हसून राहिली होती आधी, मग नको म्हणाली, तर हा म्हणाला, एकडाव, फक्त एकडाव, आवाजच येऊन नाई राहिला. पाचव्यांदा ती ओरडली. दुकानाचा बोर्ड रंगवायला टाकला आहे त्यानं, 'कायरोप्रॅक्टर आयुष' म्हणून.

"अन् तुम्ही गौरांगचं नाव सांगितलंत."

"पोरगी तं हातची गेली, मॅडम. पोरगंबी जाऊ देऊ काय?" त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमाले लेकरू हाय काय?"

"नाही. पण गौरांगला आई आहे. ती सकाळपासून ठाण्याच्या फाटकात उभी आहे. तिनं काय करायचं, ते सांगा मला."

सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. चारुशीलाबाईंना त्यांची कीव आली नाही असं नाही. पण त्या क्षणी कीवेपेक्षा संताप मोठा होता. एका माणसानं हॉटेलच्या हॉलमध्ये तीन दिवसांत मानेचा व्यापार मांडला, सरकारनं त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, आणि आता या बाईला दोन लेकरांतून एक निवडायला बसवलं होतं.

"काजलला पोलिसांनी विचारलं होतं," चारुशीलाबाई म्हणाल्या. "ती काय म्हणाली?"

"तोंड फिरवून घेते. बोलता येत नाई तिले."

अदिती तेवढ्यात दारातून बाहेर आली होती. ती हळूच म्हणाली की काजल डाव्या बोटानं मोबाईलवर टाइप करते. सकाळी तिनं पाणी केव्हा मिळेल ते विचारलं, पंखा कमी करा म्हटलं, नर्सच्या बांगड्या छान आहेत असंही लिहिलं. कुजबुजल्यासारखा आवाजही दुपारपासून निघतो आहे.

म्हणजे उत्तर देता येत होतं. एकाच प्रश्नाला ती उत्तर देत नव्हती.

६

मेश्राम आले तेव्हा उन्हं कलली होती. खोलीत काजलजवळ आयुष होता. आई आत येऊन भिंतीपाशी उभी राहिली.

चारुशीलाबाईंनी मेश्रामांना आपला निष्कर्ष सांगितला, पहिल्यापासून, सगळ्यांसमोर. तारेच्या रेघेपर्यंत आल्या तेव्हा आयुषचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि मधेच थांबला. मेश्रामांनी ते पाहिलं. त्यांनी हात पुढे केला. आयुषनं इअरफोन काढून दिले. माईकच्या गाठीला तपकिरी टेपचा चिकटा अजून होता.

"मी मुद्दाम नाई केलं," आयुष म्हणाला. तो रडत होता. "सर म्हणे आवाज येतपर्यंत करा. व्हिडिओ उडवला मी. मले काय मालूम होतं आत अशी नस असते म्हणून?"

"हे तुला कोणी सांगितलं नव्हतं?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"नाई."

"सांगणाऱ्यानं सांगितलं होतं. तुझ्या बहिणीला, आदल्या दिवशी."

आयुषनं काजलकडे पाहिलं. काजलचा एक डोळा मिटल्यासारखा होता, दुसरा उघडा. तिनं नजर वळवली नाही.

मेश्राम म्हणाले की चिकटा आहे, तर्क आहे, पण घरातला माणूस घरात काय करत होता हे सांगणारं कोणीतरी हवं. आई जबाब द्यायला तयार नाही. व्हिडिओ परत मिळेल की नाही, सांगता येत नाही. आयुष आता एक बोलला, उद्या वकिलासमोर दुसरं बोलेल. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा होत नाही, आणि तक्रार अजून गौरांगच्याच नावावर आहे. आणि कार्यशाळेवाल्याला तर हातही लावता येणार नाही, कारण तो त्या खोलीत नव्हता. जिच्यावर झालं तिनं सांगितलं, तर गोष्ट वेगळी.

सगळे काजलकडे पाहू लागले. सुभद्राबाई पुढे झाल्या आणि पलंगाच्या कठड्याला धरून म्हणाल्या, "काजल, भाऊ होय वं तुहा."

चारुशीलाबाईंना मुलीवर दडपण आणायचं नव्हतं. पण सत्य माहीत नसताना तिनं ठरवावं, हेही त्यांना नको होतं. त्या स्टुलावर बसल्या, तिच्या उघड्या डोळ्यासमोर येतील अशा. शिकवताना बोलत तशाच बोलल्या.

"काजल, तू त्याला हो म्हटलंस म्हणून हे झालेलं नाही. तू नको म्हटलं होतंस, तेही आईनं सांगितलं मला. तू काहीच बोलली नाहीस, तर आज रात्री गौरांग आत जाईल. शुक्रवारी ऋषीची नवी बॅच बसेल. रविवारी ते सगळे आपापल्या घरी जातील आणि कोणाची तरी मान धरतील, आवाज येईपर्यंत. ते कोणाची धरतील, हे मला माहीत नाही. घरच्यांचीच धरतील, एवढं माहीत आहे. तू बोललीस, तर तुझ्या भावावर केस होईल. ती होऊ नये असं मी म्हणणार नाही. ठरवायचं तुला आहे, आणि तुला वेळ हवा असेल तर मी या सगळ्यांना बाहेर काढते."

आयुषनं बहिणीचं पाऊल पुन्हा धरायला हात नेला. काजलनं पाय मागे घेतला.

अदितीनं मोबाईल तिच्या डाव्या हाताशी ठेवला. काजलनं तो बोटानं बाजूला सारला. तिनं ओठ हलवले, खोकला आला, नर्सनं तोंड पुसलं. मग ती बोलली. आवाज फाटका होता आणि प्रत्येक शब्दाला श्वास लागत होता. मेश्राम वाकले.

"लिहा, साहेब," काजल म्हणाली. "आयुषनं माही मान मोडली. ऋषी सरनं शिकवली तशी. मले दोघायवरबी केस करायची हाय."